एम.एड., इग्नूचा डिप्लोमा की नीपाचा मोफत कोर्स? वडोदऱ्यातल्या नोकरदार शिक्षकांसाठी परीक्षण

शाळेत दहा-बारा वर्षं झाली की शिक्षकाकडे न मागता कामं येऊ लागतात. नव्या विद्यासहायकाला सांभाळून घ्या, विषयशिक्षकांची बैठक लावा, गुणोत्सवाच्या (सरकारी शाळा-मूल्यांकनाच्या) फायली पुऱ्या करा, गैरहजर बेनचा (बाईंचा) तास कोण घेणार ते बघा. हुद्दा सहशिक्षकाचाच, पण अर्धं आचार्यपण, म्हणजे मुख्याध्यापकपण, गळ्यात. या कामाचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण नोकरी न सोडता, वडोदऱ्यात राहून कुठे घेता येतं आणि त्यात घातलेला वेळ-पैसा वसूल होतो का, एवढ्यापुरतं हे परीक्षण.

मत आधीच सांगून टाकलेलं बरं. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन शिकवणं सुधारायचं असेल तर आधी नीपाचा (राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचा) मोफत ऑनलाइन कोर्स करावा, मग इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाचा पदव्युत्तर डिप्लोमा. मास्टर्सची पदवीच हवी असेल तर इग्नूचं एम.ए. एज्युकेशन. वडोदऱ्याच्या एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीचं एम.एड. दर्जाने वजनदार, पण अभ्यासाची रजा मंजूर झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. आणि 'बारा महिन्यांत मास्टर्स' म्हणणाऱ्या जाहिरातींपासून चार हात लांब राहावं.

मोजायचं कशाने

'टीचर लीडरशिप' हा वेगळा पदव्युत्तर विषय म्हणून रुजला तो अमेरिकेत. तिथे २००८ साली जमलेल्या एका गटाने २०११ मध्ये 'टीचर लीडर मॉडेल स्टँडर्ड्स' प्रसिद्ध केली. त्यात सात क्षेत्रं आहेत. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं असं वातावरण तयार करणं, संशोधन शोधून वापरणं, सहकाऱ्यांच्या सततच्या प्रशिक्षणाची आखणी करणं, त्यांच्या अध्यापनात सुधारणा घडवून आणायला मदत करणं, चाचण्यांच्या आकड्यांतून अर्थ काढणं, पालक आणि वस्तीशी नातं जोडणं, आणि मुलांच्या व पेशाच्या बाजूने बोलणं. हजेरीपट, ग्रँट, पत्रव्यवहार, दुरुस्तीची निविदा यांना त्यात स्वतंत्र क्षेत्र नाही. खडू न सोडता पुढारपण करायचं, हा त्यातला मूळ विचार.

आपल्याकडचे बहुतेक कोर्स मात्र 'व्यवस्थापन' आणि 'प्रशासन' या नावांखाली येतात आणि शिक्षकाला उद्याचा आचार्य धरून चालतात. ते वाईट आहेत असं नाही. पण आपल्याला काय हवंय ते ठरवल्याशिवाय फी भरली तर दोन वर्षांनी हातात पदवी असते आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाशी त्याच्या शिकवण्याबद्दल कसं बोलायचं ते तरीही आलेलं नसतं. म्हणून खाली प्रत्येक कोर्सला एकच प्रश्न लावला आहे: यात सहकाऱ्याच्या वर्गात बसायला आणि नंतर त्याच्याशी बोलायला शिकवतात का?

पगाराचा भ्रमही आधीच दूर करू. गुजरातेत प्राथमिक शिक्षकांना ९, २० आणि ३१ वर्षांचं उच्चतर पगारधोरण (वरची वेतनश्रेणी) मिळतं ते नोकरीच्या वर्षांवर. डिप्लोमा केला म्हणून ते लवकर लागू होत नाही. आचार्यपदासाठी एच-टाट (प्राथमिकसाठी) किंवा एच-मॅट (माध्यमिकसाठी) या परीक्षा वेगळ्या द्याव्याच लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलं आहे, आणि चांगलं काम करणाऱ्याला बढतीचा रस्ता असावा असंही म्हटलं आहे. पण त्या भरवशावर कर्ज काढून शिकायला बसू नये.

एम.एस. युनिव्हर्सिटीचं एम.एड.

गावातल्या गावात एवढं मोठं शिक्षणशास्त्राचं घर असणं ही वडोदऱ्याची श्रीमंती आहे. एज्युकेशन अँड सायकॉलॉजी फॅकल्टी, शैक्षणिक प्रशासनाचा स्वतंत्र विभाग, आणि 'केस' म्हणजे सेंटर ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन. देशातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा सर्व्हे एम. बी. बुच यांनी इथूनच १९७४ मध्ये संपादित करून काढला. इथला एम.एड.धारक संशोधनाची भाषा शिकून बाहेर पडतो, आणि सात क्षेत्रांपैकी 'संशोधन शोधून वापरणं' या क्षेत्रात त्याला तोड नाही.

अडचण आहे ती वेळेची, आणि ती युनिव्हर्सिटीच्या हातातली नाही. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीप्रमाणे एम.एड. दोन वर्षांचं, वर्षाला २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. थिअरी आणि प्रॅक्टिकममध्ये (प्रात्यक्षिकात) ८० टक्के, फील्ड अटॅचमेंटमध्ये (प्रत्यक्ष संस्थेत जाऊन करायच्या कामात) ९० टक्के हजेरी. दुपारच्या पाळीची शाळा आहे, सकाळी कॉलेज करू, हा हिशेब इथे बसत नाही. त्याच नियमावलीत डी.एल.एड. आणि बी.एड.चे दूरस्थ प्रकार आहेत, एम.एड.चा नाही. म्हणून कुणी 'घरबसल्या एम.एड.' देतो म्हटलं की तिथेच फोन ठेवावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एन.सी.टी.ई.ने नव्या नियमांचा मसुदा मांडला, त्यात नोकरदारांसाठी दोन वर्षांचं अर्धवेळ एम.एड. सुचवलं आहे. एखादी संस्था तसा प्रवेश देत असेल तर त्या वर्षाचं मान्यतापत्र पाहून मगच पुढे जावं.

ज्या बडोदा संस्थानाने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला, त्याच्या राजधानीत नोकरदार शिक्षकाला संध्याकाळचं मास्टर्स नसावं, हे जरा टोचतंच.

एम.एड. न करताही या घराचा उपयोग होतो. इथले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) मोफत वाचता येतात. इग्नूच्या प्रोजेक्टसाठी 'पूर्वसंशोधनाचा आढावा' लिहिताना सगळे जण गुगलवरून तेच चार परदेशी निबंध उचलतात. त्याऐवजी आपल्याच भागातल्या शाळांवर झालेले पाच-सहा प्रबंध काढून त्यांची दुसऱ्या क्रमांकाची, म्हणजे आढाव्याची, प्रकरणं वाचली तर आठवड्याभरात आढावा उभा राहतो आणि तो आपल्या मातीतला असतो.

इग्नू: डिप्लोमा आणि एम.ए.

डिप्लोमाचं छोटं नाव पी.जी.डी.ई.एम.ए. त्यात चार पेपर आणि एक प्रोजेक्ट. एम.ई.एस. ०४१ मध्ये शैक्षणिक व्यवस्थापनाची वाढ आणि तत्त्वज्ञान, ०४२ मध्ये त्याचे पैलू, ०४३ मध्ये संघटनात्मक वर्तन, ०४४ मध्ये संस्थेचं व्यवस्थापन. एम.ए. एज्युकेशनमध्ये शैक्षणिक व्यवस्थापन ही विशेष शाखा घेतली तर हेच चार पेपर तिथेही येतात. म्हणून आधी डिप्लोमा करून मग एम.ए.ला जायचा विचार असेल तर क्रेडिट ट्रान्सफरबद्दल (डिप्लोमात पास झालेले पेपर एम.ए.त धरण्याबद्दल) प्रवेशाआधीच रीजनल सेंटरला लेखी विचारावं. तोंडी 'हो, होऊन जाईल' यावर विसंबू नये.

चारांत नेतृत्वाच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा पेपर संघटनात्मक वर्तनाचा. माणसं गटात कशी वागतात, प्रेरणा कशाने टिकते आणि कशाने जाते, मतभेद कसे हाताळायचे, हे स्टाफरूममध्ये रोज दिसणारं त्यात शिस्तीत मांडलेलं मिळतं. संस्थेच्या व्यवस्थापनाचा पेपर आचार्य होणाऱ्याला जास्त उपयोगी. पहिला पेपर वाचायला जड जातो. तो आधी हातात घेतला की बरेच जण तिथेच थंडावतात. ०४३ ने सुरुवात करावी, मग ०४४, ०४२, आणि ०४१ सगळ्यात शेवटी, तेव्हा त्यातल्या कल्पनांना खुंटी मिळालेली असते.

सहकाऱ्याच्या वर्गात बसायला शिकवतात का? यासाठी वेगळा पेपर नाही. ही या डिप्लोमातली सगळ्यात मोठी उणीव. ती प्रोजेक्टमधून भरून काढता येते, आणि काढावीच. त्याबद्दल पुढे सविस्तर.

प्रवेश घ्यायच्या आधी करायची एक सोपी गोष्ट: ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर इग्नूचं अभ्याससाहित्य मोफत आहे. ०४३ चा एक ब्लॉक उतरवून दोन रविवार वाचून बघा. भाषा झेपत नसेल, माशी शिंकत असेल, तर फी भरण्याआधीच कळतं. ज्यांचं सगळं शिक्षण मराठी किंवा गुजराती माध्यमातून झालं आहे त्यांनी हे जरूर करावं, आणि पेपर कोणत्या भाषेत लिहिता येईल ते चालू प्रॉस्पेक्टसमध्ये पाहून घ्यावं.

वेळेचा हिशेब इग्नूच देतं: एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सहा क्रेडिटचा पेपर म्हणजे १८० तास. तो सहा महिन्यांत बसवायचा तर आठवड्याला सात तास, आणि असे दोन पेपर एकदम घेतले तर चौदा. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दुपारचे तीन तास, रविवारी चार, आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी तास-दीड तास, एवढं निघत असेल तर एका वेळी एक पेपर निभावतो. घरात दहावी-बारावीचं मूल असेल त्या वर्षी सगळे पेपर एकदम अंगावर घेऊ नयेत. डिप्लोमाचा किमान काळ एक वर्षाचा, पण पूर्ण करायला त्याहून जास्त मुदत असते, ती त्यासाठीच.

जानेवारी की जुलै

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. वार्षिक पद्धतीच्या कोर्सला जुलैत प्रवेश घेतला तर पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये, जानेवारीत घेतला तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. बहुतेक शिक्षक जुलै पकडतात, कारण शाळेचं वर्ष तेव्हाच सुरू झालेलं असतं आणि उत्साह ताजा असतो. आमच्या मते ही चूक आहे.

जुलैवाल्याची असाइनमेंट द्यायची वेळ येते मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे बोर्डाच्या परीक्षा, सुपरव्हिजन, पेपर तपासणी आणि वार्षिक निकाल या सगळ्याच्या ऐन मध्यावर. परीक्षा येते जूनमध्ये, तेव्हा उन्हाळी वेकेशन संपून शाळा उघडलेली, प्रवेशोत्सव तोंडावर, आणि आचार्य रजेच्या अर्जाकडे बघायलाही तयार नसतात. जानेवारीवाल्याला उन्हाळ्याची ३५ दिवसांची सुट्टी वाचायला आणि असाइनमेंटचे कच्चे मसुदे लिहायला मिळते, दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी परीक्षेच्या तयारीला, आणि डिसेंबरात रजा मिळणं त्या मानाने सोपं. फक्त असाइनमेंटची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमकी नवरात्राच्या आसपास येते. वडोदऱ्यात त्या नऊ रात्री कुणाकडून अभ्यास होत नाही, घरच्यांनाही तशी अपेक्षा नसते. म्हणून गणपती उठायच्या आत असाइनमेंट हातावेगळ्या कराव्यात. मुदत पुष्कळदा वाढते, पण ती वाढेल असं धरून बसू नये.

गुणांचं वजन असं: असाइनमेंट ३० टक्के, परीक्षा ७० टक्के, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. असाइनमेंट हाताने लिहायची, त्या सत्राचेच प्रश्न घ्यायचे. जुन्या सत्राचे प्रश्न सोडवून दिले की ती बाद होते, आणि ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतंच, कारण झेरॉक्सच्या दुकानात आणि व्हॉट्सअॅपवर जुनेच पेपर फिरत असतात. सत्र तपासायचं पहिल्या पानावर. जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच किंवा अपलोडचा स्क्रीनशॉट पदवी हातात येईपर्यंत जपून ठेवायचा, कारण असाइनमेंटचे गुण संगणकावर चढले नाहीत तर निकाल अपूर्ण दिसतो आणि तेव्हा हाच कागद कामाला येतो.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येईल असं नसतं. प्रत्येक सत्राला परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची फी पेपरप्रमाणे वेगळी. आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी री-रजिस्ट्रेशन आपणहून करायचं असतं, पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट न बघता. ते चुकलं की सहा महिने किंवा वर्ष वाया.

प्रवेशाच्या वेळी आता डी.ई.बी.-आय.डी. (यू.जी.सी.च्या दूरस्थ शिक्षण ब्युरोचा विद्यार्थी-क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी ए.बी.सी. आय.डी. (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) हवा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी यांवर नाव एकसारखं नसेल तर गाडी इथेच अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बेनना हे हमखास लागतं. नावाची दुरुस्ती प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होत नसते, दोन महिने आधी हाती घ्यावी. वडोदऱ्याचं रीजनल सेंटर अहमदाबादला. शंका ई-मेलने विचारलेली बरी, उत्तर लेखी राहतं.

नीपाचा मोफत कोर्स

दिल्लीच्या नीपामध्ये २०१२ पासून नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिप आहे. त्यांचा शालेय नेतृत्व व व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स, पी.एस.एल.एम., मोफत आहे, आपल्या वेगाने करता येतो आणि हिंदीतही आहे. ही पदवी नव्हे, मास्टर्सच्या जागी ती चालणार नाही. पण त्यामागच्या अभ्यासक्रमाचे सात भाग पाहिले तर अमेरिकन सात क्षेत्रांशी सगळ्यात जवळचं नातं याचंच आहे: शालेय नेतृत्वाकडे बघण्याची दृष्टी, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, गट बांधणं आणि चालवणं, नवे उपक्रम, भागीदारी, आणि शेवटी शाळेचं प्रशासन. प्रशासन हा सातांतला एक भाग आहे, सगळा कोर्स नाही. अध्यापनातला बदल आणि गटबांधणी हे दोन भाग सहशिक्षकाने आधी करावेत, बाकीचे सावकाश.

याची कमजोरीही उघड आहे. मागे लागणारं कुणी नाही, फी भरलेली नाही, त्यामुळे पहिल्या दोन भागांनंतर तो मोबाइलमध्ये तसाच पडून राहतो. एकट्याने सुरू करू नये. एकाच शाळेतल्या किंवा एकाच क्लस्टरमधल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) तीन-चार शिक्षकांनी मिळून करावा, दर पंधरा दिवसांनी एक भाग, आणि सी.आर.सी. (क्लस्टर रिसोर्स सेंटर) को-ऑर्डिनेटरना सांगून महिन्याच्या बैठकीत त्यावर वीस मिनिटं मागून घ्यावीत.

प्रोजेक्ट: पैसे वसूल होतात ते इथे

डिप्लोमाचं प्रोजेक्ट काय किंवा एम.ए.चा प्रबंध काय, विद्यार्थी पहिला घोळ घालतात तो विषयात. 'वडोदरा शहरातील माध्यमिक शाळांतील शिक्षकांच्या नेतृत्वगुणांचा अभ्यास' असं भारदस्त काहीतरी ठरतं. मग तीस शाळांच्या आचार्यांच्या परवानग्या, डी.ई.ओ. (जिल्हा शिक्षणाधिकारी) कचेरीच्या चकरा, तीनशे प्रश्नावल्या वाटायच्या, त्यातल्या शंभर परत यायच्या, आणि शेवटी निष्कर्ष निघतो की शिक्षकांमध्ये मध्यम प्रमाणात नेतृत्वगुण आहेत. कुणालाच उपयोग नाही.

विषय आपल्या शाळेच्या भिंतींच्या आत ठेवावा. उदाहरणादाखल एक आराखडा: सहावी ते आठवीच्या गणिताचे चार शिक्षक, आठ आठवडे, प्रत्येकाच्या वर्गात तीन वेळा जाऊन वीस-वीस मिनिटं बसायचं. म्हणजे एकूण बारा निरीक्षणं. आधी पाच मिनिटं शिक्षकालाच विचारायचं, 'आज मी कशाकडे बघू?' बघायची गोष्ट एकच, आणि ती त्याने निवडलेली. नंतर त्याच दिवशी पंधरा मिनिटं बोलणं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की दोघांच्याही डोक्यातून तास उडालेला असतो.

निरीक्षणाचा कागद एका पानाचा. तीन रकाने: वेळ, काय घडलं, मुलांनी काय केलं. चौथा 'शेरा' हा रकाना ठेवायचाच नाही. नोंद कशी असावी ते बघा. 'वर्गावर चांगलं नियंत्रण, शिकवणं प्रभावी' ही नोंद रद्दी. 'सकाळी १०.४०: अपूर्णांकाच्या बेरजेवर ११ प्रश्न विचारले, त्यांतले ९ पहिल्या दोन बाकांना. चुकीचं उत्तर आलं की लगेच दुसऱ्याला विचारलं, आधीच्या मुलाकडे परत गेले नाहीत' ही नोंद पुढच्या बोलण्याचं सगळं काम करून टाकते. नुसता कागद समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. शिक्षक स्वतःच म्हणतात, 'अरे, मागचे बाक राहिलेच की.' तिथून पुढे सूचना द्यायची गरज क्वचितच पडते.

यात बिघडतं काय? सगळ्यात आधी विश्वास. आपल्याकडे वर्गाच्या मागे वही घेऊन कुणी बसलं की ते इन्स्पेक्शनच वाटतं, आणि गुणोत्सवाच्या अनुभवाने ते वाटणं रास्तही आहे. म्हणून सुरुवातीलाच आचार्यांकडून लेखी घ्यावं की या नोंदी गोपनीय अहवालात किंवा मूल्यांकनात वापरल्या जाणार नाहीत, आणि ते पत्र चौघांना दाखवावं. पहिलं निरीक्षण आपल्या स्वतःच्या वर्गाचं त्यांच्याकडून करून घ्यावं. हे केलं नाही तर शिक्षक त्या दिवसापुरता सजवलेला पाठ घेतात आणि बाराच्या बारा निरीक्षणं नाटकाची होतात.

दुसरं अडतं ते टाइमटेबल. आपला मोकळा तास आणि त्यांचा गणिताचा तास एकत्र आलाच पाहिजे, आणि तो मोकळा तास प्रॉक्सीत, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या बदली तासात, जातो. आठ आठवड्यांचं वेळापत्रक आधीच आखून आचार्यांची सही घ्यावी आणि दर आठवड्याला एक राखीव तास ठेवावा. जुलैअखेर ते सप्टेंबर मध्य हा काळ त्यातल्या त्यात सलग मिळतो. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं, सहली आणि पतंग यांत आठवडे फुटतात. त्याखेरीज बी.एल.ओ.ची (मतदारयादीची) कामं कधीही येतात.

तिसरी चूक चाचणीची, म्हणजे निरीक्षणांच्या आधी आणि नंतर मुलांना देतो त्या चाचणीची. आधीची चाचणी सोपी आणि नंतरची अवघड, किंवा उलट, असं झालं तर फरक कशाचा हे सांगताच येत नाही. दहा प्रश्नांची एक चाचणी, त्याच घटकावर, त्याच काठिण्याची दुसरी, आणि दोन्ही आधी दुसऱ्या तुकडीतल्या पाच-सहा मुलांना देऊन पाहिलेल्या. चार शिक्षकांच्या आकड्यांवर टी-टेस्ट (सरासऱ्यांतला फरक तपासायची संख्याशास्त्रीय कसोटी) लावू नये. मार्गदर्शकाने आग्रह धरला तर नम्रपणे सांगावं की नमुना फार लहान आहे, म्हणून टक्केवारी आणि नोंदींचं वर्णन देत आहोत. लहान नमुन्यावर मोठा दावा केलेला परीक्षकाच्या लगेच डोळ्यात येतो.

मराठी माध्यमाच्या शाळेत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांतही स्टाफरूममधलं बोलणं मराठी-गुजरातीत मिसळलेलं असतं. प्रश्नावली इंग्रजीत बनवून घाईघाईने भाषांतर केलेली मराठी वापरली की 'फीडबॅक', 'सहयोग', 'चिंतन' या शब्दांचे प्रत्येकजण वेगळे अर्थ लावतो. प्रश्नावली मुळातच ज्या भाषेत भरली जाणार त्या भाषेत लिहावी, वीसच्या वर प्रश्न नकोत, तीन शिक्षकांकडून भरून घेऊन कुठे अडतात ते बघावं. मग इंग्रजी किंवा हिंदी रूप अहवालात आणि मूळ परिशिष्टात. मुलाखतीतली वाक्यंही मूळ भाषेत जोडावीत, भाषांतर खाली.

कागदपत्रांचा क्रम असा: प्रस्ताव आणि मार्गदर्शकाचा बायोडेटा, मंजुरी, आणि मगच माहिती गोळा करणं. उत्साहाच्या भरात आधी माहिती गोळा केली आणि प्रस्तावात बदल सुचवला गेला, की पुन्हा पहिल्यापासून. मार्गदर्शकाची पात्रता प्रोजेक्टच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती न जुळल्याने प्रस्ताव परत येतात. मुलांचे फोटो अहवालात घालणार असाल तर पालकांची लेखी संमती. न घातलेले उत्तम.

मराठीतून शिकायचं असेल तर

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासूनचं, आणि शालेय व्यवस्थापनाची पदविका ते मराठीतून चालवत आलं आहे. भाषेच्या दृष्टीने वडोदऱ्याच्या मराठी शिक्षकाला ती सोयीची. पण राज्य मुक्त विद्यापीठाचं कार्यक्षेत्र त्याच्या राज्यापुरतं, त्यामुळे केंद्रं महाराष्ट्रातच. वर्ग आणि परीक्षांसाठी नंदुरबार-धुळ्याकडे पळापळ करायची तयारी असेल तरच विचार करावा. शिवाय ती पदविका, मास्टर्स नव्हे.

जाहिरातीतले कोर्स

खासगी विद्यापीठांचे 'एज्युकेशनल लीडरशिप'चे ऑनलाइन मास्टर्स फेसबुकवर रोज दिसतात. त्यांतले काही चांगले असतील. बघायचं इतकंच: यू.जी.सी.च्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, त्याच सत्रासाठी तोच कोर्स मंजूर आहे का ते बघा. मंजुरी सत्राप्रमाणे आणि कोर्सप्रमाणे असते. मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे कमी' असं समजायचं कारण नाही. मंजुरी नसेल तर मात्र तो नुसता छापलेला कागद. परदेशी विद्यापीठाचं 'टीचर लीडरशिप' मास्टर्स घ्यायचं तर भारतात त्याला समकक्षता मिळेल का, हे फी भरण्याआधी लेखी काढून घ्यावं. फी डॉलरमध्ये असते आणि तिथल्या राज्यांच्या परवान्यांसाठी बेतलेला अभ्यासक्रम इथल्या शाळेला अर्धाच लागू पडतो.

सरकारी, समितीच्या किंवा ग्रँटेड शाळेत असाल तर यांतल्या कुठल्याही पदवीसाठी प्रवेशाआधी पूर्वपरवानगीचा अर्ज करावा: समितीच्या शाळेत शासनाधिकाऱ्यांकडे, ग्रँटेड शाळेत आचार्यांमार्फत संचालक मंडळाकडे. अर्जात कोर्सचं पूर्ण नाव, विद्यापीठ, सत्र, आणि 'शाळेच्या वेळेत कोणताही वर्ग नाही' हे वाक्य घालावं. आवक नंबर टाकलेली प्रत आपल्याकडे ठेवावी. निकाल लागल्यावर गुणपत्रकाची प्रमाणित नक्कल आणि ती परवानगी एकत्र जोडून सर्व्हिस बुकात नोंद करून घ्यावी; परवानगीचा कागद नसेल तर क्लार्क नोंद करत नाही, आणि नंतर मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.